रातांब्याला फुलं येतात पण फळ धरत नाही? आधी फूल चिरून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की परसातले दोन्ही रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, एकाच वर्षी बिया टाकून केलेले. एक लगडतो, दुसऱ्याची फुलं नुसती झडतात, तर तो तोडावा का? कोयती उचलण्याआधी दोन्ही झाडांचं एकेक फूल ब्लेडने उभं चिरा.

हात बसावा म्हणून आधी जास्वंद घ्या, पण एकेरी. गोंडेदार जास्वंदीत बरेच केसर पाकळ्यांचं रूप घेतात, काही कळत नाही. बाहेरचा हिरवा पेला म्हणजे निदलपुंज, कळी सांभाळणारा. पाकळ्यांचं काम पाखरांना बोलवायचं. मधली लांब नळी पुंकेसरांची, म्हणजे फुलाच्या नर भागाची. तिच्यावरचे पिवळे दाणे हे परागकोश, पराग यांच्यातच असतो. नळीच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात, ती कुक्षी. पराग तिथे चिकटतो. आता नळी नखाने अलगद फाडा. आत दोऱ्यासारखा कुक्षीवृंत थेट खालच्या अंडाशयापर्यंत गेलेला दिसेल. परागातून निघालेली नलिका याच दोऱ्यातून खाली उतरून बीजांडाला गाठते. मग बीजांडाचं बी होतं आणि अंडाशयाचं फळ. मला आजही हा दोरा बघताना हरखायला होतं.

जास्वंदीत हे सगळं एका फुलात असतं. रातांब्यात मात्र नर फुलं एका झाडावर, मादी दुसऱ्यावर. नर फुलं झुपक्याने येतात, मधे परागकोशांचा गच्च गोळा. मादी फुलात हिरवी गोळी दिसेल, तिच्या डोक्यावर कुक्षी बिनदांड्याची, थेट चिकटलेली. ती गोळी म्हणजेच उद्याचा रातांबा. तुमच्या झडणाऱ्या फुलांत ती नसेल, तर झाड नर आहे. खत-पाणी कमी पडलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. माझीही तेवढीच गेली होती. तरी तोडू नका. आसपास दुसरं नर झाड नसेल, तर शेजारच्या मादीला पराग याच्याकडूनच मिळत असणार.

नवीन लावायचं तर कलमच लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात चांगली. फक्त कलम उभ्या शेंड्याच्या काडीवरून बांधलंय ना, हे विचारून घ्या. आडव्या फांदीच्या काडीचं कलम वर चढत नाही, जमिनीलगत पसरत राहतं.