लेकीला लागलाय नॅनोचा नाद

कागलचे एक पालक लिहितात : ‘मुलगी बारावीला आहे, पीसीबी ग्रुप. गेल्या वर्षी माझ्या आईला सेप्सिस झाला (जंतुसंसर्गामुळे सगळं शरीरच बिघडतं तो आजार), त्यात हृदयही कमजोर झालं. तेव्हापासून लेक म्हणते, नॅनोकणांनी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांनी, हृदय वाचवायचं संशोधन करणार. आम्ही म्हणतो मेडिकलची नीट परीक्षा दे, गरज पडली तर रिपीट कर. काय करावं?’

नमस्कार. आधी तिचं म्हणणं नीट समजून घ्या. सेप्सिसमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली नसतानाही पंपिंग मंदावू शकतं. जंतूंशी लढताना अंगात दाह भडकतो, त्यात हृदयाच्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचं नुकसान होतं. पेशंट वाचला तर बहुधा हृदयही सावरतं, म्हणून मधले दिवस निभावणं महत्त्वाचं. सिरियम ऑक्साइडचे नॅनोकण पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे रेणू निकामी करतात. प्रयोग प्रामुख्याने उंदरांवर झालेत. शिरेतून दिलेले पुष्कळसे कण यकृत आणि प्लीहेतच अडकतात, हृदयापर्यंत पुरेसे पोचवणं हा खरा पेच. तो सोडवायला वर्षं जातील, आणि काम बरंचसं कंटाळवाणं असतं. हे तिला आत्ताच सांगा.

पण हे हवेतलं स्वप्नही नाही. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या पेशंटचे नातेवाईक ज्या लायपोसोमल अँफोटेरिसिन-बीसाठी वणवण फिरत होते, ते औषध चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरलेलंच होतं.

माझं मत स्पष्ट आहे : बी.फार्म. औषध कणात भरणं आणि शरीरात हव्या जागी पोचवणं हा फार्मसीचाच विषय. चार वर्षांनी जीपॅट ही एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा देऊन फार्मास्युटिक्समध्ये एम.फार्म., मग पीएच.डी. मध्येच वाटलं तर औषध कंपनीत फॉर्म्युलेशनची नोकरीही करता येते; तुमची काळजी तिथे मिटते. शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचं शिक्षण आहे, तेही चांगलं. फक्त तिथून औषधाकडे वळताना जीवशास्त्राची बाजू तिला स्वतः भक्कम करावी लागेल.

नीट एकदा द्यायला हरकत नाही, अभ्यास होतोच आहे. डॉक्टर होऊनही संशोधन करता येतं. पण तिच्या मनाविरुद्ध रिपीटचं वर्ष मला पटत नाही. बी.फार्म.च्या प्रवेशासाठी लागणाऱ्या एमएचटी-सीईटीचा फॉर्म मात्र पीसीबी ग्रुपने वेळेत भरा. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.