दुसऱ्यांची पोरं

ताई, आमची शाळेपासूनची मैत्री. दूरच्या एका युद्धात आमच्या देशाने उतरावं की नाही, यावरून महिन्यापूर्वी आमचं कडाक्याचं वाजलं. तो म्हणतो, उतरलंच पाहिजे. मी म्हणतो, आपलं काय घेणंदेणं? तो मला भित्रा म्हणाला. मी म्हणालो, दुसऱ्यांच्या पोरांना मरायला पाठवणं सोपं असतं. तो उठून गेला, तेव्हापासून फोन नाही. माझं मत चुकीचं आहे का? (त्याचा मुलगा दोन वर्षांपूर्वी सैन्यात गेलाय, पण तो विषय निघालाच नव्हता.)
— अस्वस्थ मित्र

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं, दुसऱ्यांदा फक्त कंसातलं वाक्य. तो विषय निघाला होता हो. तुम्हीच काढलात.

मताचं आधी सांगते, कारण तुम्ही तेच विचारलंय. इराकमध्ये 2003 साली महासंहारक शस्त्रांचं कारण सांगून फौजा घुसल्या आणि ती शस्त्रं सापडलीच नाहीत. रवांडात 1994 साली साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं कापली गेली. कत्तल सुरू असतानाच सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवायची सोडून कमी केली. बहुतेक तुमच्या डोळ्यांसमोर इराक आहे आणि त्याच्या डोळ्यांसमोर रवांडा. माझा स्वतःचा कल तुमच्या बाजूला आहे. सैन्य परत कधी आणि काय साधल्यावर आणणार, हे जो सांगत नाही त्याच्या युद्धावर माझा विश्वास बसत नाही. पण माझ्या या मताने तुमचा फोन वाजणार नाही.

एक जोडी मला नेहमी आठवते. 1914 साली पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य घेऊन फ्रान्सला गेलेले सर जॉन फ्रेंच आणि त्यांची थोरली बहीण शार्लट डेस्पार्ड. भाऊ सरसेनापती, बहीण त्याच युद्धाच्या विरोधात सभा घेणारी. लहानपणी तिनेच त्याला सांभाळलेलं. यापेक्षा टोकाचा मतभेद कुठला असणार? तरी त्या युद्धाने त्यांचं नातं तुटलं नाही. तुटलं ते नंतर, आयर्लंडवरून. तिथे तो राजाचा प्रतिनिधी होता आणि ती त्या सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांच्या बाजूला.

म्हणजे मतभेद किती मोठा, यावर सगळं ठरत नाही. घाव कुठे बसतो ते बघावं लागतं. ‘भित्रा’ हा शब्द वाईटच, आणि तो तुम्हाला लागला हे मला समजतं. पण तो गुद्दा होता. तुमचं वाक्य त्याच्या घरात शिरलं. ज्याचा स्वतःचा मुलगा गणवेशात आहे, त्याला तुम्ही ‘दुसऱ्यांची पोरं’ ऐकवलंत. मुलगा तिकडे जाऊ शकतो हे माहीत असूनही बाप ‘उतरा’ म्हणतोय. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. कदाचित त्याला ते खरंच पटलं असेल. कदाचित मुलगा ज्या कामासाठी गेलाय ते फुकट आहे, असं मानून त्याला झोप लागत नसेल. तुम्ही विचारलंत कधी?

तेव्हा मत बदलू नका, माफी मात्र मागा, आणि त्या एकाच वाक्याची. फोनवर नको, लेखी तर अजिबात नको, जाऊन भेटा. “मी बोललो ते तुझ्या मुलाला लागेल असं होतं, मी बोलायला नको होतं,” एवढंच. पुढे ‘पण’ जोडलात तर मागितलेली माफी वाया गेली. ‘भित्रा’ची परतफेड तिथल्या तिथे मागू नका. तो स्वतःहून म्हणाला तर ठीक.

मग मुलाची चौकशी करा. कुठे असतो, फोन करतो का, आई कशी आहे. युद्धाचा विषय त्याने काढला तरच काढा, आणि वाद घालायचाच तर संसदेत मतदान झालंय का, उद्दिष्ट काय, किती दिवस, यावर घाला. एकमेकांच्या छातीचं माप काढू नका.

दार उघडून तो काही न बोलता आत गेला, तर तुम्हीही आत जा आणि बसा.