पंप बदलण्याआधी : डिझेल पिकअपच्या इंधन यंत्रणेविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : रात्रभर उभी राहिलेली पिकअप सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही. एकदा सुरू झाली की दिवसभर काही त्रास नाही. तोंड चढाला करून लावली तर जास्त वेळ घेते. ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) नवे टाकले, फरक नाही.

चढाचं लिहिलंत ते बरं झालं, निम्मं निदान त्यातच आहे. इंजिन वर आणि टाकी खाली राहिली की लाइनमधलं डिझेल रात्रीतून टाकीत उतरतं. पण त्याच्या जागी हवा शिरल्याशिवाय ते उतरू शकत नाही. ती हवा कुठून शिरते, एवढंच शोधायचं आहे.

आधी एक सोपी खात्री करून घ्या. सेल्फ चालू असताना कोणाला तरी सायलेन्सरकडे बघायला सांगा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. मग ग्लो प्लगचा रिले आणि कॉम्प्रेशन बघायचं. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही. असं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवण्याआधी हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल भरायचा छोटा पंप, कडक होईपर्यंत दाबा. गाडी लगेच पकडली, तर एअर घेतेय हे नक्की.

ओढीच्या बाजूची, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची गळती सहसा डोळ्यांना दिसत नाही. इंजिन चालू असताना त्या पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत ओढली जाते. म्हणून फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप बसवा आणि बुडबुडे बघा. मग तोच पाइप फिल्टरच्या आधी, टाकीच्या बाजूला लावा. तिथेही बुडबुडे आले तर दोष टाकीकडच्या लाइनमध्ये आहे. फक्त फिल्टरनंतर आले तर फिल्टरचं रबर सील, पाणी काढायचा स्क्रू किंवा प्रायमर. फिल्टर बदलताना जुनं सील हाउसिंगला चिकटून राहतं आणि त्यावरच नवं बसवलं जातं, हा प्रकार अगदी नेहमीचा. बुडबुडे कुठेच दिसले नाहीत तर रिटर्न लाइन तपासा, हवा तिथूनही शिरते.

प्रश्न : माल भरून चढ चढताना गाडी अचानक ओढायची बंद होते, चेक लाइट लागतो. बंद करून पुन्हा सुरू केली की ठीक. स्कॅनरवर पी००८७ आला. गॅरेजवाले हाय प्रेशर पंप गेला म्हणतात.

पी००८७ म्हणजे रेलमध्ये, सगळ्या इंजेक्टरांना दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, पाहिजे तेवढा दाब होत नाही. तो का होत नाही, हे तो कोड सांगत नाही. पंप हे त्याचं एक कारण, आणि सगळ्यात महाग कारण. म्हणून ते शेवटी तपासायचं.

अशी रेल असलेल्या यंत्रणेत, म्हणजे कॉमन रेलमध्ये, आयडलिंगला साधारण २५० ते ३५० बार आणि पूर्ण लोडवर १६०० किंवा त्याहून जास्त बार दाब लागतो. गाडी रिकामी असताना दाब कमी लागतो आणि डिझेलही कमी लागतं, म्हणून दोष झाकला जातो. स्कॅनरवर मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब हे दोन आकडे शेजारी लावा आणि त्याच चढावर, तेवढाच माल भरून गाडी चालवा. आकडे बघायला दुसरा माणूस हवा.

त्याच वेळी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये गेज लावलेला असला तर उत्तम. ज्या गाडीत पंप स्वतःच डिझेल ओढतो, तिथे लोडवर व्हॅक्यूम ०.३ बारच्या पुढे जात असेल तर पंपाला डिझेलच पुरत नाही असं समजा. टाकीत विजेचा पंप असेल तर उलट बघायचं : त्या मॉडेलला ठरवून दिलेला पुरवठ्याचा दाब लोडवर टिकतो का? टिकत नसेल तर क्रमाने फिल्टर, टाकीतली जाळी, आतून सोललेला रबरी पाइप आणि टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक तपासा. झाकण सैल करून चालवल्यावर त्रास गेला, तर काम झाकणावरच भागलं.

पुरवठा चांगला असूनही दाब पडतोय? मग तयार झालेला दाब कुठेतरी निसटतोय. इथे रिटर्नची चाचणी करतात. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी पाइप लावून ती एकसारख्या खुणांच्या बाटलीत सोडायची, मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करायचं आणि गरम इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवायचं. सगळ्या बाटल्या जवळपास सारख्या भरायला हव्यात. एखादी इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. पिएझो (चुंबकाऐवजी स्फटिकाने उघडणारे) इंजेक्टर असतील तर मात्र ही उघड्या बाटलीची चाचणी करू नका. त्यातल्या अनेकांना रिटर्नमध्येही ठराविक दाब लागतो, तो नसेल तर चांगला इंजेक्टरही नीट चालत नाही.

बाटल्या सारख्या भरल्या, तर रेलवरचा प्रेशर लिमिटर वाल्व्ह (दाब फार वाढला तरच उघडणारा) बघा. त्याच्या रिटर्नमधून एरवी काहीच यायला नको. तोही कोरडा असेल, तर पंपात किती डिझेल शिरेल ते ठरवणारा पंपावरचा मीटरिंग वाल्व्ह बघा, ज्याला काही कंपन्या सक्शन कंट्रोल वाल्व्ह म्हणतात. तो चिकट झाला की आयडलिंग वरखाली होतं, कधी सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडतं. अनेक पंपांवर तो दोन-तीन स्क्रूंवर असतो आणि सुटा मिळतो. काढण्याआधी आजूबाजूची घाण पुसून घ्या, सील नवी लावा. काही गाड्यांत बदलल्यावर स्कॅनरने लर्निंग करून द्यावं लागतं.

एवढं सगळं ठीक निघालं, तर पंप उतरवा. बहुतेक वेळा त्याआधीच दोष सापडतो.

प्रश्न : पंपाचा आतून चुरा झाला होता. नवा पंप टाकला, फिल्टर बदलला. काही आठवड्यांत दोन इंजेक्टर गेले आणि पंपही आवाज करतोय. पंप खराब लागला का?

पंपाला दोष देऊ नका. जुन्या पंपाचा कीस अजून यंत्रणेत फिरतोय. तो रेल आणि इंजेक्टरमध्ये जातो, रिटर्नवाटे टाकीत पोचतो आणि पुन्हा ओढला जातो. असा चुरा झाल्यावर पंप, इंजेक्टर, रेल, हाय प्रेशर पाइप आणि फिल्टर हे सगळं बदलावं लागतं. टाकी उतरवून धुवायची, पुरवठा आणि रिटर्नच्या लाइन फ्लश करायच्या किंवा नव्या टाकायच्या. खर्च डोळे पांढरे करणारा आहे. पण अर्धं काम केलं तर तोच खर्च दोनदा होतो, ते तुम्ही अनुभवताच आहात.

बॉशच्या सीपी४ घराण्यातल्या पंपांत हा प्रकार जास्त चर्चेत आला. त्यात कॅमवर फिरणाऱ्या रोलरचा टॅपेट (रोलर धरणारा दट्ट्या) स्वतःभोवती वळला की रोलर आडवा होतो, कॅमवर फिरण्याऐवजी घासतो आणि कीस सुटतो. या पंपाला वंगण डिझेलचंच. युरोपच्या ईएन ५९० मानकात डिझेलच्या वंगणक्षमतेच्या चाचणीत घर्षणाचा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. टाकी कोरडी पडेपर्यंत चालवणं, डिझेलमध्ये रॉकेल किंवा पाणी असणं, यांत हे वंगणच जातं.

शंका असेल तर मीटरिंग वाल्व्ह काढून त्याची जाळी उन्हात धरा. चमचम दिसली की निकाल लागला. फक्त लोहचुंबकावर विसंबू नका. पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर तिचा कीस चुंबकाला चिकटत नाही.

प्रश्न : इंजिनात मिसिंग आहे. पूर्वीसारखे एकेका इंजेक्टरचे पाइप सैल करून कुठला सिलिंडर मेलाय ते बघता येईल का?

कॉमन रेलवर कधीही नाही. आयडलिंगलाही तिथे शेकडो बार दाब असतो. बारीक फवारा हातमोज्यातून आरपार जाऊन कातडीखाली शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि पहिल्यांदा फारशी दुखतही नाही, पण बोट किंवा हात आतून सडू शकतो. असं झालं तर थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

मिसिंगसाठी स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरला इंधन किती कमी-जास्त केलं जातंय ते आकडे बघा किंवा एकेक इंजेक्टर स्कॅनरनेच बंद करून बघा. ज्याला बंद केल्यावर इंजिनात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. इंजेक्टर बदलला तर त्याच्या डोक्यावर छापलेला कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या संगणकात) भरायला विसरू नका. इंजेक्टरखाली तांब्याचा वॉशर नवा आणि एकच. काढताना जुना आत अडकून राहिला की दोन होतात, नोझल वर राहतं, आणि मग आवाज आणि काळा धूर.

प्रश्न : फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागतो. पाणी काढलं की चार दिवसांनी परत.

इंजिन बंद करून काचेच्या बरणीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी स्वच्छ पाणी बसलं तर टाकीच्या तळात साठा आहे, टाकी रिकामी करून पुसा. काळा, बुळबुळीत गाळ दिसला तर तो पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणाऱ्या जंतूंचा आहे. टाकी धुतल्यानंतर जंतुनाशक टाका. आधी टाकलं तर मेलेला गाळ फिल्टर तुंबवेल. पाणी ‘विरघळवणारी’ अल्कोहोलवाली औषधं कॉमन रेलमध्ये नकोत. ती पाणी फिल्टरच्या पलीकडे पंपात नेतात.

प्रश्न : ७० लिटरच्या टाकीत चुकून १० लिटर पेट्रोल पडलं. वरून डिझेल भरून पातळ केलं तर चालेल का?

नाही. चावीसुद्धा ऑन करू नका, विजेचा पंप लगेच पुढे ढकलू लागतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करा, फिल्टर नवा टाका. इंजिन चालून गेलं असेल तर लाइन फ्लश करून मीटरिंग वाल्व्हची जाळीही बघा.

डिझेलच्या टाकीत युरियाचं द्रावण (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरतात ते) पडलं असेल तर प्रकरण पेट्रोलपेक्षा वाईट. ते डिझेलमध्ये मिसळत नाही, तळाशी बसतं, सुकून पांढरे खडे धरतं आणि धातूही खातं. तिथे टाकी उतरवल्याशिवाय सेल्फ मारूच नका.