मुहूर्त टळला, आगाऊ रक्कमही अडकली. दाद कुठे मागावी?

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी मी पुण्यातील एका ट्रॅव्हल्सकडून चालकासह दोन गाड्या ठरवल्या होत्या : नवरीसाठी सजवलेली आलिशान सेडान आणि वऱ्हाडासाठी सात आसनी गाडी. एकूण भाडे ६४,००० रुपये होते व त्यांपैकी ४५,००० आगाऊ दिले. नाशिकला आमच्या घरी सेडान अडीच तास उशिरा आली. तीही दुसऱ्याच मॉडेलची आणि पांढऱ्या नंबर प्लेटची होती. दुसरी गाडी आलीच नाही, त्यामुळे ६,२०० रुपये देऊन टॅक्सी करावी लागली. आता मालक पावतीवरील ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, गाडी बदलण्याचा अधिकार राखून, वाद पुणे न्यायालयात’ या ओळी दाखवतात. पावती माझ्या भागीदारी संस्थेच्या नावे आहे आणि पैसेही तिच्याच खात्यातून गेले. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली बाजू भक्कम आहे, मात्र तिच्यातील कच्चा दुवा आपण ज्याची धास्ती घेतली आहे त्या छापील अटींत नसून पावतीवरील नावात आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणारी व्यक्ती ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि मग तिला ग्राहक आयोगात (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायमंचात) दाद मागता येत नाही. पावती संस्थेची असल्यामुळे समोरचे वकील पहिला आक्षेप हाच घेतील. त्याला उत्तर असे, की पैसे कोणत्या खात्यातून गेले यापेक्षा सेवा कशासाठी घेतली, याला महत्त्व आहे. मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या न्यासाने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये व्यवहारामागील प्रमुख हेतू पाहिला आणि तो व्यापारी नसल्याचे ठरवले. मुलीच्या पाठवणीत नफ्याचा हेतू शोधणे कोणालाही कठीण जाईल. तरीही लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती आणि गाडी ‘लग्नासाठी’ हवी असल्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडावा. हा खर्च संस्थेच्या वह्यांत व्यवसायखर्च म्हणून दाखवला असेल किंवा त्यावर जीएसटीची वजावट घेतली असेल, तर तक्रारीपूर्वी सनदी लेखापालांकडून तो आपल्या वैयक्तिक उचल खात्यावर (भागीदाराने स्वतःसाठी काढलेल्या रकमांच्या नोंदीत) वळवून घ्यावा. एकाच रकमेला वह्यांत धंद्याची आणि आयोगापुढे घरची म्हणता येणार नाही. (हीच गाडी संस्थेच्या ग्राहकाला विमानतळावरून आणण्यासाठी घेतली असती, तर मी आपल्याला दिवाणी न्यायालयाची वाट दाखवली असती.)

‘आगाऊ रक्कम परत नाही’ ही अट ऐन वेळी बेत रद्द करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असते. आपण काहीच रद्द केलेले नाही. करार मालकांनी मोडला, आणि स्वतःच्या कसुरीचा लाभ त्यांना घेता येत नाही. गाडी बदलण्याच्या अधिकाराचा अर्थही त्याच दर्जाची, व्यावसायिक परवाना असलेली गाडी देणे एवढाच होऊ शकतो. ‘पुणे न्यायालय’ या अटीने आपण अडून राहण्याचे कारण नाही, कारण ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते.

उशिराच्या भरपाईबाबत मात्र एक बाब आपण प्रश्नात लिहिलेली नाही आणि ती निर्णायक ठरू शकते. भारतीय करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, वेळ हाच ज्या कराराचा गाभा आहे, त्यात उशिरा झालेली पूर्तता आपण स्वीकारली, तर उशिराबद्दलची भरपाई मागता येत नाही. अपवाद एकच, तो म्हणजे स्वीकारतानाच तशी सूचना देणे. सेडान दारात आली त्या वेळी ‘मुहूर्त टळला आहे, याची भरपाई घेणार’ अशा आशयाचा संदेश आपण किंवा घरातील कोणी पाठवला होता का, ते फोनमध्ये आजच शोधावे. आलेल्या गाडीचे फोटोही, प्लेट दिसेल असे, जपून ठेवावेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. असा संदेश नसला तरी न आलेल्या गाडीचे भाडे, टॅक्सीचा खर्च आणि हलक्या गाडीमुळे पडलेला भाड्यातील फरक मागता येतोच.

पांढऱ्या प्लेटची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणे हा मोटार वाहन कायद्याखाली परवान्याविना वाहतुकीचा गुन्हा आहे. त्याहून गंभीर बाब ही, की अपघात झाला असता तर विमा कंपनीने याच मुद्द्यावर जबाबदारी नाकारली असती. आरटीओकडे तक्रार जरूर करावी. पण ‘पैसे द्या, नाहीतर आरटीओत जातो’ असे कदापि लिहू नये. अशी वाक्ये उलटतात आणि खंडणीच्या आरोपाला निमंत्रण देतात.

प्रथम पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. दाद न मिळाल्यास घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. तक्रारदार म्हणून संस्थेसोबत आपले व मुलीचेही नाव घालावे, कारण सेवेच्या लाभार्थीलाही कायदा ग्राहक मानतो. मानसिक त्रासापोटी दहा लाख मागण्याचा मोह टाळून पुराव्याला पेलेल अशीच रक्कम लिहावी.