वर्गासाठी व्हिडिओ, पण आवाज घुमतो

प्रश्न: सर, मी झेडपी शाळेत पाचवीला शिकवते. अपूर्णांकावर मोबाईलने व्हिडिओ केला, १८ मिनिटांचा झालाय, आवाज घुमतोय आणि मुलं मध्येच उठून जातात. चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?

उत्तर: ताई, कॅमेऱ्याला हात लावू नका, पैसे घालायचेच तर कॉलरला लावायचा साधा वायरवाला माईक घ्या, कारण चित्र जरा धूसर असलं तरी मुलं बघतात पण आवाज कळला नाही की संपलं. रिकाम्या वर्गात उघड्या भिंती-फरशीवरून आवाज परततो म्हणून तो घुमतो, तेव्हा गाद्या-पडदे असलेल्या खोलीत रेकॉर्ड करा, पंखा बंद (घामाघूम व्हाल, पण चालतंय). आणि १८ मिनिटं म्हणजे अख्खा तासच झाला की! एडएक्स नावाच्या वेबसाईटवरच्या ऑनलाईन कोर्समधल्या व्हिडिओंवर २०१४ साली एक अभ्यास आला होता, त्यात मोठी माणसंसुद्धा साधारण ६ मिनिटांपुढे टिकत नव्हती, मग पाचवीची पोरं काय बसणार. तुकडे करा, एकात फक्त भाकरीचे चार सारखे भाग आणि त्यातला एक म्हणजे १/४, बस्स, आणि तिथेच पॉज करून मुलांना वहीत काढायला लावा. मागे सिनेमाचं गाणं लावू नका, कॉपीराईटचं लफडं होतं, यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत मिळतं, तसं अपूर्णांकाला संगीत हवंय कशाला म्हणा!