फ्रँकेनमुथचा बव्हेरियन उत्सव एवढा मोठा कसा झाला?

मिशिगनमधल्या जेमतेम पाच हजार वस्तीच्या फ्रँकेनमुथचा जर्मन उत्सव एवढा कसा वाढला, आणि तो खरा की पर्यटकांसाठी उभा केलेला, असं तुम्ही विचारलंय. मी डेट्रॉइटजवळ राहतो. वाट दीड तासाची, त्यामुळे जूनमध्ये आमची तिथे एक फेरी होतेच.

सुरुवात हॉटेलातूनच झाली. झेंडर कुटुंबाने १९५० साली गावातलं फिशर हॉटेल घेतलं. पुढे धंदा खालावला, तेव्हा त्यांनी इमारतीला बव्हेरियन, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या धाटणीचा, साज चढवला आणि १९५९ मध्ये ‘बव्हेरियन इन’च्या उद्घाटनानिमित्त आठवडाभर सोहळा केला. लोकांची रीघ लागली. १९६३ मध्ये गावाने हा सोहळा स्वतःच्या अंगावर घेतला, आणि माझ्या मते वाढीचं खरं कारण तेच. उद्घाटनाला नुसते पाहुणे येतात. गावच्या उत्सवासाठी घरोघरची माणसं राबतात.

राबणाऱ्यांना जोडणारं नातंही जुनं होतं. १८४५ मध्ये पंधरा लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) मंडळी जर्मनीतल्या फ्रँकोनियातून चिप्पेवा या इथल्या मूळ रहिवासी लोकांत धर्मप्रसार करायला इथे आली. ते काम फार काळ चाललं नाही, वस्ती मात्र रुजली. फ्रँकोनियन बोली कित्येक पिढ्या घराघरांत बोलली गेली. त्यामुळे ‘बनावट’ हा शब्द मला पटत नाही. आता, फ्रँकोनिया म्हणजे बव्हेरियाचा उत्तर भाग. आल्प्सच्या वळणाची लाकडी सज्जांची घरं काही या लोकांनी येताना सोबत आणलेली नाहीत. तो साज नंतरचा. पण साज नंतरचा म्हणून माणसं खोटी ठरत नाहीत.

जेवणाचंही श्रेय आहेच. कोंबडीच्या जेवणासाठी हे गाव उत्सवाच्या आधीपासून प्रसिद्ध. टेबलावर मोठी भांडी मांडतात, सगळे त्यातूनच वाढून घेतात, संपलं की पुन्हा भरून आणतात. आपल्या पंगतीतला आग्रह आठवतो.

गेल्या खेपेला मांडवात आमच्या शेजारी एक आजी नातवाच्या पारंपरिक बव्हेरियन चामडी चड्डीचा पट्टा आवळत होत्या. बटण जुनं, निसटत होतं. ‘ही याच्या बापाची,’ त्या मला म्हणाल्या. तेवढ्यात पोल्का सुरू झाला आणि पोरगं तसंच, एक पट्टा लोंबत, नाचायला पळालं.