परदेशी जाण्याआधी सोशल सिक्युरिटीला काय कळवायचं

बाळा,

तुझा मेसेज वाचला. आजीला भेटायला भारतात जायचंय, तिकिटांची चौकशी सुरू आहे आणि मधेच कुणीतरी तुला सांगितलं की डिसॅबिलिटीचे पैसे घेणाऱ्याने अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं की बेनिफिट कायमचं गेलं, म्हणून तू जायचंच रद्द करायला निघालीस. कृपा करून असं काही करू नकोस. डिसॅबिलिटी बेनिफिट घेणाऱ्याने प्रवास करू नये असा कुठलाही नियम नाही, आणि विमानात बसलीस म्हणून तुझं अपंगत्व खोटं ठरत नाही. परवानगी कुणाची घ्यावी लागत नाही. सोशल सिक्युरिटीला, म्हणजे हे पैसे देणाऱ्या सरकारी खात्याला, कळवावं मात्र लागतं, आणि दिवसांचा हिशोब पक्का ठेवावा लागतो. लोक अडकतात ते या दोन गोष्टींमुळे, प्रवासामुळे नाही.

आधी हे बघ की तुला नक्की कुठलं बेनिफिट मिळतंय. तू नुसतं "डिसॅबिलिटी" लिहिलंयस आणि सगळे तसंच म्हणतात, पण एसएसआय (सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम) आणि एसएसडीआय (सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परदेश प्रवासाचे दोघांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. एसएसआय हे उत्पन्न आणि बचत कमी असणाऱ्यांसाठी, २०२६ मध्ये एकट्या माणसासाठी फेडरल रक्कम महिन्याला जास्तीत जास्त ९९४ डॉलर. एसएसडीआय हे स्वतः काम करून भरलेल्या सोशल सिक्युरिटी टॅक्सवर मिळतं, आणि २२ वर्षांच्या आधी अपंगत्व आलं असेल तर आई किंवा बाबांच्या रेकॉर्डवरही काही मुलांना बेनिफिट मिळतं, त्याला एसएसडीआयसारखेच नियम लागतात. काहींना दोन्ही मिळतात. तुझं अवॉर्ड लेटर, म्हणजे बेनिफिट मंजूर झाल्याचं पत्र, काढ, नाहीतर सोशल सिक्युरिटीच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये बघ. अंदाजाने ठरवू नकोस.

एसएसआय असेल तर नीट वाच, कारण नियम कडक तिथे आहे. सलग ३० दिवस किंवा त्याहून जास्त देशाबाहेर राहिलीस, किंवा एखादा पूर्ण कॅलेंडर महिना बाहेर काढलास, तर पेमेंट थांबतं. आणि एकदा ३० दिवस ओलांडले की परत आल्या आल्या ते सुरू होत नाही, परत आल्यावर सलग ३० दिवस इथे राहावं लागतं, तोपर्यंत कायद्याच्या नजरेत तू अजून बाहेरच असतेस. समज, तू ५ डिसेंबरला निघालीस आणि १२ जानेवारीला परत आलीस. डिसेंबरचे पैसे मिळतात, कारण महिन्याचे सुरुवातीचे दिवस तू इथे होतीस. जानेवारी पूर्ण गेला, जरी अर्ध्याहून जास्त जानेवारी तू स्वतःच्या घरात झोपली असलीस तरी. आणि फेब्रुवारीचे पैसे साधारण ११-१२ तारखेपासून पुढचे, म्हणजे तेही अपुरे. हीच ट्रिप २५-२६ दिवसांत बसवली असतीस तर एक डॉलरही गेला नसता. म्हणून मी सगळ्यांना सांगते की तिकीट २९ दिवसांचं काढू नका, हाताशी चार-पाच दिवस मोकळे ठेवा. फ्लाइट रद्द होते, आजी आजारी पडते, कुणीतरी म्हणतं अजून एक आठवडा थांब ना, आणि तो एक आठवडा फार महाग पडतो.

फेब्रुवारीचं एक वेगळंच आहे. ३१ जानेवारीला निघून १ मार्चला परत आलीस तर दिवस ३० होत नाहीत, पण फेब्रुवारी पूर्ण महिना बाहेर गेला ना, त्यामुळे फेब्रुवारीचे पैसे जातात. त्यामुळे नुसते दिवस मोजू नकोस, महिनाही बघ.

आणि "बाहेर" म्हणजे कुठे, हेही समजून घे. एसएसआयच्या हिशोबात देश म्हणजे ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि नॉर्दर्न मारियाना बेटं. पोर्टो रिको त्यात नाही! अमेरिकेचाच भाग, पासपोर्ट लागत नाही, तरी एसएसआयसाठी बाहेर. होजे लुईस वाएलो मादेरो नावाचे गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये एसएसआय घ्यायचे, २०१३ मध्ये पोर्टो रिकोला राहायला गेले, पैसे येत राहिले, आणि नंतर सरकारने त्यांच्याकडून २८,००० डॉलरच्या वर रक्कम परत मागितली. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०२२ मध्ये ८ विरुद्ध १ असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. मला तो नियम अन्यायाचाच वाटतो, पण तो आहे, आणि तो माहीत नसणाऱ्या माणसाला हजारो डॉलरची नोटीस येऊ शकते.

कॉलेजचं तू विचारलं नाहीस तरी सांगून ठेवते. इथल्या शिक्षणसंस्थेच्या प्रोग्रॅममधून तात्पुरतं परदेशी शिकायला जायचं असेल, तो कोर्स इथे मिळत नसेल आणि त्याने पुढे नोकरीला मदत होणार असेल तर एसएसआयमध्ये विद्यार्थ्यांसाठी अपवाद आहे, एक वर्षापर्यंत पैसे चालू राहू शकतात. पण ते आधी मंजूर करून घ्यायचं असतं, तिथे पोचल्यावर फोन करून नाही.

एसएसडीआय असेल तर बरंच सोपं आहे. तू अमेरिकन नागरिक असशील आणि बाकी पात्रता कायम असेल तर भारतात असतानाही पैसे मिळत राहतात. क्युबा आणि उत्तर कोरियात पेमेंट पाठवत नाहीत, तो तुझा प्रश्न नाही. ग्रीन कार्डवर असशील तर मात्र सलग ६ कॅलेंडर महिने बाहेर राहिल्यावर पेमेंट थांबू शकतं, अपवाद कुणाला लागू होतात ते नागरिकत्व आणि कामाच्या रेकॉर्डवर ठरतं, त्यासाठी सोशल सिक्युरिटीच्या साइटवर परदेशातल्या पेमेंटचं एक स्क्रीनिंग टूल आहे, त्यात प्रश्नांची उत्तरं भरून बघ. ३० दिवस किंवा त्याहून जास्त जाणार असशील तर एसएसडीआयवालीनेही कळवायचं. आणि तिकडे काकांच्या ऑफिसात दोन महिने बसून पगार घेतलास तर ते कामच धरलं जातं, देश कुठलाही असो, तेही कळवायचं.

आता पैशांचं, कारण एसएसआयवाल्यांचा घोळ खरा इथे होतो. एकट्या माणसाला २,००० डॉलरच्या वर बचत चालत नाही, आणि ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे, मला या गोष्टीचा फार राग येतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला तुझ्या नावावर काय आहे ते बघतात. त्यामुळे प्रवासासाठी म्हणून अकाउंटमध्ये पैसे साठवत गेलीस आणि १ तारखेला २,००० च्या वर गेले तर त्या महिन्याचं एसएसआय गेलं. यावर चांगला मार्ग म्हणजे एबल अकाउंट, म्हणजे अपंगत्व असणाऱ्यांसाठीचं खास बचत खातं, त्यातले १ लाख डॉलरपर्यंत एसएसआय मोजत नाही आणि प्रवासाचा खर्च त्यातून करता येतो. पूर्वी अपंगत्व २६ वर्षांच्या आधी आलेलं असावं लागायचं, १ जानेवारी २०२६ पासून ती अट ४६ वर्षांपर्यंत वाढली आहे. तुझं नसेल तर या आठवड्यात उघड.

मामा तिकीट काढून देणार म्हणालीस. त्यांना सांग की पैसे तुझ्या अकाउंटला पाठवू नका. तुझ्या हातात आलेली रोख रक्कम त्या महिन्याचं उत्पन्न धरतात, पहिले २० डॉलर सोडून बाकी जितके आले तितके एसएसआयमधून कापले जातात. त्यांनी थेट एअरलाइनला पैसे भरावेत, आणि तिकीट तारीख बदलता येणारं पण रोख परत न मिळणारं असावं. तरी ऑफिसला सांगून टाक की तिकीट नातेवाइकाने काढलंय. आणि एक नाजूक गोष्ट विचारते, तिकडे बँकेत आजीबरोबर जॉइंट अकाउंट, तुझ्या नावाची एफडी किंवा वडिलोपार्जित जमिनीत तुझा हिस्सा असं काही आहे का? असेल तर ते सांगावं लागतं, देशाबाहेर आहे म्हणून ते मोजत नाहीत असं नाही. आजीने प्रेमाने नातीचं नाव लावून ठेवलेलं असतं आणि नातीला पत्ताच नसतो. घरी विचार.

कळवायचं कसं? निघायच्या आधी कळव. कुठलाही बदल झाला की तो ज्या महिन्यात झाला त्या महिन्याच्या शेवटानंतर १० दिवसांच्या आत सांगायचा, हा एसएसआयचा नियम आहे. उशीर झाला तर २५ पासून १०० डॉलरपर्यंत दंड कापतात, आणि जाणूनबुजून खोटं सांगितलं किंवा लपवलं तर पहिल्यांदा ६ महिने, मग १२, मग २४ महिने पेमेंट बंद. फोन १-८००-७७२-१२१३ वर करता येतो, पण नुसत्या फोनवर विसंबू नकोस. एक साधं पत्र लिही, चार ओळी पुरे: माझं नाव हे, मी अमुक तारखेला भारतात जाणार, अमुक तारखेला परत येणार, तिकिटाची कॉपी जोडली आहे, या काळात फोन आणि ईमेल हा. लोकल ऑफिसात स्वतः नेऊन दे आणि तुझ्या कॉपीवर तारखेचा शिक्का मारून मागून घे, खिडकीवरचा माणूस घाईत असला तरी उभी राहा आणि शांतपणे मागच. फोन केलास तर तारीख, वेळ आणि समोरच्याचं नाव वहीत लिहून ठेव. वर्षभराने कुणी म्हणालं की तुम्ही कळवलंच नाही, तर बोलणार तो शिक्का.

मेडिकेअर आणि मेडिकेड हे सरकारी आरोग्य विमे, पण मेडिकेअर देशाबाहेर जवळजवळ काहीच देत नाही आणि मेडिकेड तर अजिबात नाही, त्यामुळे प्रवासाचा विमा काढ आणि आधीपासूनचा आजार त्यात धरलाय का ते बारीक अक्षरात वाच. औषधं मूळ बाटल्यांत, डॉक्टरांच्या पत्रासकट, हातातल्या बॅगेत. बऱ्याच राज्यांत मेडिकेड एसएसआयबरोबरच येतं, म्हणून एसएसआय थांबलं तर मेडिकेडचं काय होईल ते राज्याच्या ऑफिसला आधीच विचारून ठेव.

तुझ्या पोस्टाच्या पेटीची किल्ली कुणा विश्वासू माणसाकडे दे आणि सोशल सिक्युरिटीचं पाकीट आलं की लगेच उघडून फोटो पाठवायला सांग. तू बाहेर असताना तपासणीची तारीख येऊ शकते, तू अजून पात्र आहेस का हे बघणाऱ्या रिव्ह्यूचा फॉर्म येऊ शकतो. एसएसआय कमी किंवा बंद करतोय असं पत्र आलं आणि ते तुला चुकीचं वाटलं तर अपिलाला ६० दिवस असतात, पण १० दिवसांत अपील केलंस तर निकाल लागेपर्यंत पेमेंट चालू राहतं. हे १० दिवस हातचे घालवू नकोस. जास्त पैसे दिले गेले म्हणून परत मागणारं पत्र आलं तरी गप्प बसू नकोस. तुझी चूक नसेल आणि फेडणं झेपत नसेल तर एसएसए-६३२ फॉर्म भरून ती रक्कम माफ करा अशी विनंती करता येते, मान्यच नसेल तर एसएसए-५६१ भरून अपील करता येतं, आणि एसएसआयमधून कापायचंच ठरलं तर साधारणपणे महिन्याच्या उत्पन्नाच्या १० टक्के कापतात.

परत आल्यावर पुन्हा एकदा ऑफिसला कळव की आले, बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेव, पेमेंट थांबलेलं असेल तर ३० दिवस पूर्ण झाल्याची तारीख लिहून त्या दिवशी फोन कर. थांबलेलं पेमेंट सलग १२ महिने थांबून राहिलं तर केस बंद होते आणि पहिल्यापासून अर्ज करावा लागतो, तिथवर वेळ येऊ द्यायची नाही.

अवॉर्ड लेटरचा फोटो मला आजच पाठव आणि तिकीट काढायच्या आधी दोन्ही तारखा कळव, दोघी मिळून कॅलेंडरवर मोजू.

तुझी,
काकू